गावातला ‘मित्र’ कुठून आला?

‘याला येरवड्याला न्या.’ पुण्याकडच्या गावांत मनाच्या आजाराविषयी पिढ्यान्‌पिढ्या बोललं गेलं ते एवढंच. मुंबईच्या बाजूला ठाणे, कोकणात रत्नागिरी, विदर्भात नागपूर. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आणि या चारही ठिकाणांची नावं त्या त्या भागात टोमणे होऊन बसलेली. घरात कुणाची झोप उडाली, जेवण सुटलं, कशातच जीव लागेना झाला, तर पहिले काही महिने ते झाकून ठेवायचं. मग भगत, देवर्षी, एखादा दर्गा किंवा देवस्थान. तिथेही गुण आला नाही आणि प्रकरण अगदी हाताबाहेर गेलं, तरच मोठं शहर. घरातली चुप्पी आणि इस्पितळाची भिंत यांच्या मधल्या लांबलचक वाटेवर ऐकून घेणारं माणूस भेटायचं ते नशिबानंच.

आज काही गावांत त्या वाटेवर विशीतली मुलंमुली उभी आहेत. कुठे त्यांना मानसमित्र म्हणतात, कुठे साथिया, कुठे नुसतंच ‘मित्र’. ही कल्पना शहरातून आलेलं नवं फॅड आहे असं अनेकांना वाटतं. तिच्यामागे जवळजवळ ५० वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात डॉक्टरांच्या टंचाईतून झाली. १९७५ च्या सुमारास दोन ठिकाणी एकच प्रश्न हाती घेतला गेला. हरियाणातल्या रायपूर राणी इथे चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेनं आणि बेंगळुरूजवळच्या सकलवारा इथे निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं. प्रश्न साधा होता. मानसोपचारतज्ज्ञ खेड्यात येणार नसेल, तर आरोग्य केंद्रातला डॉक्टर आणि घरोघर फिरणारा आरोग्यसेवक हे आजार ओळखू शकतील का? थोडं प्रशिक्षण दिलं तर ओळखतात, असं दिसून आलं. त्या अनुभवावर १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. पुढे कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात त्याचा नमुना तयार झाला आणि १९९६ मध्ये चार जिल्ह्यांपासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

खेड्यापर्यंत यातून पोचली ती मुख्यतः औषधं. तीव्र आजारांसाठी ती हवीच होती, त्याचं मोल कमी नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका निवाऱ्यात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं जळून मेली. औषध न पोचण्याचा अर्थ त्या दिवशी देशाला कळला. पण बारावीत नापास झालेला मुलगा, दारुड्या बापाच्या धाकात वाढणारी मुलगी, कर्जाच्या हप्त्यानं झोप उडालेलं घर यांच्यासाठी केसपेपरवर रकाना नव्हता. ‘टेन्शन आहे’ हे वाक्य घेऊन कुणी तालुक्याच्या दवाखान्यात गेलं, तर ताकदीच्या गोळ्या घेऊन परत यायचं.

महाराष्ट्रात ही पोकळी विदर्भानं उघडी केली. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं कुटुंबासह जीवन संपवलं. या घटनेच्या स्मरणार्थ आजही दरवर्षी त्या दिवशी अन्नत्याग केला जातो. २००६ पर्यंत प्रश्न इतका चिघळला की केंद्रानं विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्याचा भर व्याजमाफी, सिंचन, बियाणं अशा गोष्टींवर होता. त्या गरजेच्याच होत्या. आत्महत्येला फक्त मनाचा आजार ठरवणं म्हणजे कापसाच्या भावाचा दोष शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकणं, हा शेतकरी कार्यकर्त्यांचा आक्षेप मला पूर्ण पटतो. तरीही भाव पडलेल्या त्याच रात्री ओट्यावर एकट्या बसलेल्या माणसाजवळ कुणी जाऊन बसायचं, हा प्रश्न उरतोच.

त्याचं एक उत्तर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत शोधलं गेलं. ‘विश्राम’ नावाच्या या कार्यक्रमात गावपातळीवरचे कार्यकर्ते, त्यांच्या वर प्रशिक्षित समुपदेशक आणि गरज पडलीच तर मानसोपचारतज्ज्ञ अशी उतरंड होती. आधी नैराश्य असलेल्या दर शंभर माणसांपैकी जेमतेम चारजण मदत घेत होते. दीड वर्षानं हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. २०१५ मध्ये राज्य सरकारनंही विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला आणि आशाताईंना घरोघरी जाऊन विचारपूस करायला सांगितलं.

या सगळ्यात तरुण मात्र अजून मदत घेणाराच होता. तो मदत करणारा झाला त्याची एक ठळक नोंद गोव्यात सापडते. १९९६ मध्ये तिथे ‘संगात’ ही संस्था स्थापन झाली. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. पदवी नसलेली, पण नीट शिकवलेली स्थानिक माणसं समुपदेशन करू शकतात का, हे या संस्थेनं वर्षानुवर्षं तपासलं. तिच्याच ‘युवा मित्र’ या कामात गोव्यातल्या शहरी आणि ग्रामीण वस्त्यांमधून १६ ते २४ वयाच्या मुलामुलींसाठी त्यांच्याच वयाचे मित्र तयार केले गेले. जोडीला शिक्षकांचं प्रशिक्षण आणि माहितीचं साहित्य होतं. नंतरच्या पाहणीत या वस्त्यांमध्ये नैराश्याची लक्षणं आणि हिंसेचं प्रमाण इतर वस्त्यांपेक्षा कमी दिसलं. प्रयोग लहान होता, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण ‘ही पोरं काय सांगणार’ या शंकेला पहिल्यांदा आकड्यांत उत्तर मिळालं.

महाराष्ट्रातली वाट वेगळी आहे आणि मला ती जास्त जवळची वाटते. ती अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतून आली. अंगात येणं, करणी, ‘बाहेरचं’ झालंय असं म्हणणं यांच्या मागे बरेचदा बोलता न आलेलं दुःख असतं, हे गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या लक्षात येत गेलं. सासुरवाशिणीच्या अंगात आलं की निदान तेवढा वेळ घर तिचं ऐकतं. भगताकडे जाऊ नको असं सांगून तिचा तो एकमेव आडोसाही काढून घ्यायचा असेल, तर जागी दुसरं काहीतरी द्यायला हवं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि साताऱ्यात व्यसनमुक्तीचं काम करणारी ‘परिवर्तन’ ही संस्था यांच्या कामातून मानसमित्र ही कल्पना पुढे आली. मानसोपचारतज्ज्ञ हमीद दाभोलकर या कामातलं परिचित नाव. मानसमित्रानं करायचं ते भावनिक प्रथमोपचार: त्रास ओळखायचा, सल्ल्याचा भडिमार न करता ऐकायचं, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं असेल तर डॉक्टरपर्यंत सोबत जायचं. ‘सोबत जायचं’ हा भाग कागदावर किरकोळ वाटतो. ज्याला मानसोपचाराच्या ओपीडीत एकट्यानं रांगेत उभं राहावं लागलंय, त्याला विचारा.

नाशिक जिल्ह्यात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य केंद्रानं ‘आत्मीयता’ हा प्रकल्प ४१ गावांत राबवला. त्यातले सगळे स्वयंसेवक तरुण नव्हते, बचत गटातल्या बायका होत्या, शेतकरी होते. पण एक युक्ती तिथे वापरली गेली ती पुढे तरुणांच्या कामाला फार उपयोगी पडावी अशी. बेकारी, दारू, घरातली मारहाण, भांडणं यांवरच्या छोट्या फिल्म मोबाइलवर दाखवायच्या आणि मग बोलायचं. स्वतःचं सांगायला जीभ रेटत नाही, फिल्ममधल्या माणसाबद्दल मात्र माणूस भडाभडा बोलतो आणि थोड्या वेळानं ‘आमच्याकडंबी असंच हाय’ असं म्हणतो. हा प्रकल्प नंतर गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेला.

बिहारच्या नालंदा जिल्ह्यातली गोष्ट तर प्रत्येक जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागानं वाचावी अशी आहे. तिथे ७४ सरकारी शाळांत ‘सेहर’ हा उपक्रम झाला. काही शाळांत काम बाहेरून नेमलेल्या ‘सेहर मित्रा’कडे दिलं, काहींत तेच काम तिथल्याच शिक्षकाकडे. मित्र असलेल्या शाळांत मुलांमधली नैराश्याची लक्षणं कमी झाली, दादागिरी कमी झाली, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षक वाईट होते असं कुणी समजू नये. सकाळी ज्यानं गृहपाठावरून रागावलं, त्याच्याजवळ दुपारी घरचं दुखणं कसं बोलणार? आपल्याकडे मात्र अजूनही प्रत्येक नवं काम शिक्षक नाहीतर आशाताईच्या गळ्यात पडतं.

सरकारी पातळीवर तरुणांना अधिकृत जागा मिळाली ती ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात. हजार लोकवस्तीमागे चार साथिया, दोन मुलगे आणि दोन मुली. पोषण, व्यसन, प्रजनन आरोग्य यांच्याबरोबर मानसिक आरोग्यही त्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठीच्या दवाखान्यांना ‘मैत्री’ असं नाव दिलं गेलं. दोन मुली हव्यातच, हा नियम मला या कार्यक्रमातला सर्वांत शहाणा वाटतो. गावातली सोळा वर्षांची मुलगी गावातल्याच मुलाशी आडोशाला दहा मिनिटं बोलली, तर संध्याकाळपर्यंत नवंच संकट उभं राहतं. मुलींना मुलीच हव्यात. गोपनीयता हा शब्द प्रशिक्षणात सोपा असतो. जिथे कुणाची गाडी कुणाच्या दारात थांबली हे साऱ्या आळीला माहीत असतं, तिथे ती पाळण्यासाठी विहिरीवर किंवा बांधावरच्या झाडाखाली बोलावं लागतं.

याच काळात कायदा बदलला. आत्महत्येचा प्रयत्न हा जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. त्यामुळे वाचलेल्या माणसाच्या घरी आधी पोलिसांची भीती यायची, आणि घरचे ‘चुकून झालं’ असं सांगून तोंड मिटायचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं आणि तिला शिक्षा न करता उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. हा कायदा २०१८ पासून लागू आहे. गावातल्या मित्रानं ‘बोल, तुला काही होणार नाही’ म्हणावं आणि ते खरं असावं, हे तेव्हापासून शक्य झालं.

दरम्यान गावातल्या तरुणाचं दुःखही बदलत गेलं. स्पर्धा परीक्षांच्या तारखा पुढे जात राहतात, वय सरतं, जमिनीचे तुकडे पडतात, शेतकरी मुलाचं लग्न जमत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून तरुण जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले, तेव्हा राज्यभर लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. त्याच वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. इथे एक अडचण आहे ती कुठल्याच प्रकल्पानं पुरती सोडवलेली नाही. जो मित्र म्हणून निवडला जातो, त्याच्याही परीक्षा रखडलेल्या असतात. त्याच्याही घरी कर्ज असतं. एखादी रात्र कुणाच्या उशाशी जागून काढल्यावर त्याचं ऐकायला कोण असतं? अनुदानाची मुदत संपते, नोकरीसाठी तो चाकण किंवा पुण्याला जातो, आणि गावात ज्यांनी त्याच्याजवळ मन मोकळं केलं ते पुन्हा गप्प होतात.

१० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही मोफत सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं. क्रमांक लक्षात ठेवावा, इतरांना सांगावा. गावातल्या अनेक मुलींकडे मात्र स्वतःचा फोन नसतो. तो भावाच्या खिशात असतो, आणि कॉल कुणाला लावला हे त्यात दिसतं. अशा वेळी साथिया मुलगी स्वतःचा फोन लावून तिच्या हातात देते आणि बोलणं होईपर्यंत दाराकडे तोंड करून बसून राहते.