रेडिओ नियंत्रण परिपथातील संकेततीव्रता

खेळण्यातील मोटार, पाण्याचा पंप किंवा फाटक दुरून चालविण्यासाठी घरी जुळविलेल्या रेडिओ परिपथाचा पल्ला बहुधा अपेक्षेपेक्षा कमी भरतो. दोष ट्रान्समीटरच्या शक्तीला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा अँटेनात किंवा रिसीव्हरजवळच्या गोंगाटात, म्हणजे नको असलेल्या रेडिओ लहरींत, असतो.

भारतातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ४३३.९२ मेगाहर्ट्झचे स्वस्त ट्रान्समीटर-रिसीव्हर मॉड्यूल आणि जोडीला आज्ञेचे संकेतात रूपांतर करणारी एचटी१२ई व तो संकेत उलगडणारी एचटी१२डी या चिप ही रचना फार रूढ आहे. या कंप्रतेची (वारंवारतेची) तरंगलांबी सुमारे ६९ सेंटीमीटर असल्याने तिच्या पाव पट, म्हणजे सुमारे १७.३ सेंटीमीटर लांबीची सरळ तार दोन्हीकडे अँटेना म्हणून जोडावी. अशी तार एकटी मात्र पुरेशी नसते. तिचा दुसरा अर्धा भाग परिपथाच्या ऋण बाजूने पुरवायचा असतो आणि ब्रेडबोर्डवर (डाग न देता परिपथ जुळविण्याच्या छिद्रांच्या पाटीवर) तो जवळजवळ नसतोच. म्हणून ऋण टोकाला तेवढ्याच लांबीची तार विरुद्ध दिशेने जोडावी किंवा तांब्याचा पत्रा त्या टोकाला जोडून अँटेनाच्या बुडाशी आडवा ठेवावा. या साध्या उपायाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. दोन्ही अँटेना एकमेकींना समांतर असाव्यात; एक उभी व दुसरी आडवी असल्यास संकेताचा मोठा भाग वाया जातो. २७ मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबी सुमारे पावणेतीन मीटर भरते, म्हणून तेथे आखूड अँटेनाला वेटोळे जोडून तिची विद्युत लांबी वाढवितात.

स्वस्त रिसीव्हर बहुधा एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९२२ मध्ये मांडलेल्या अतिपुनर्जनन (सुपररिजनरेटिव्ह) तत्त्वावर चालतात; त्यात वर्धित संकेताचा काही भाग पुन्हा आत देऊन तो आणखी वाढवितात. ते संवेदनशील असले तरी कंप्रतांचा रुंद पट्टा ग्रहण करतात. त्यामुळे उपकरणातील विद्युत मोटारीच्या ब्रशांतील ठिणग्यांचा गोंगाटही आत शिरतो. मोटार बंद केल्यावर पल्ला वाढत असेल, तर तिच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा आणि रिसीव्हरला वेगळा वीजपुरवठा द्यावा. एचटी१२ई व एचटी१२डी यांच्या दोलक-रोधांचा (चिपच्या अंतर्गत दोलकाची गती ठरविणाऱ्या रोधांचा) मेळ नसला, तरी संकेत क्षीण असल्याचाच भास होतो. ५ व्होल्टवर साधारणतः अनुक्रमे १ मेगॅओहम व ५१ किलोओहम ही जोडी वापरतात.

शक्ती वाढविण्याचा विचार यानंतर करावा. मोकळ्या जागेतही पल्ला दुप्पट होण्यासाठी शक्ती चौपट लागते आणि जमिनीलगत त्याहून अधिक. शिवाय परवानामुक्त पट्ट्यांत शक्तीवर कायदेशीर मर्यादा असते. भारतात २७ मेगाहर्ट्झनजीकच्या पट्ट्यात ती ५ वॅट आहे.