थायरॉइडच्या उपचारातील वजनवाढ
थायरॉइड ग्रंथी मंदावल्यामुळे (हायपोथायरॉइडिझम) वाढलेले वजन औषध सुरू असताना आटोक्यात ठेवण्याची पद्धत. या आजाराने वाढणारे वजन बहुधा २ ते ५ किलोच असते आणि त्यात चरबीपेक्षा शरीरात साठलेले मीठ-पाणी जास्त असते. गोळीने तेवढेच उतरते. १५ किलो वाढले असतील, तर उरलेल्या वजनाचे कारण बहुतेकदा आहार, बैठे काम किंवा झोप यांत सापडते.

आधी गोळी नीट लागू पडते का, ते पाहतात. या गोळीतले औषध म्हणजे लेव्होथायरॉक्सिन; त्याची रोजची पूर्ण मात्रा वजनाच्या किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम असते. वयस्क आणि हृदयरोगी यांना एकूण १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करतात. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्धा ते एक तासाने. नागपुरात घोटाळा होतो तो इथेच: गोळी घेऊन फिरायला निघायचे आणि लगेच टपरीवर चहा व तर्रीपोहा (तिखट, तेलकट रस्सा घातलेले पोहे). लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत ४ तासांचे अंतर हवे, अॅसिडिटीच्या औषधांबद्दल डॉक्टरांना सांगावे. सोयाबीनच्या वड्या गोळीच्या वेळेपासून दूर ठेवाव्यात. शिजवलेली पत्ताकोबी बंद करण्याची मात्र गरज नाही. उपासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये.

हे औषध उष्णता, प्रकाश आणि ओल यांनी कमजोर होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा गाडीच्या डिक्कीत राहिलेल्या बाटलीचा भरवसा धरता येत नाही. कूलरच्या खोलीतली हवा दमट असते, म्हणून झाकण घट्ट लावून बाटली आतल्या कोरड्या कपाटात ठेवावी. गोळ्या आठवड्याच्या डबीत आधीच काढून ठेवण्याची सवय पावसाळ्यात तोट्याची ठरते.

मात्रा बदलल्यावर टीएसएच (थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाची रक्तातील पातळी) ६ ते ८ आठवड्यांनी तपासतात, कारण औषधाचा अर्धायुकाल, म्हणजे शरीरातले औषध निम्मे होण्याचा काळ, सुमारे ७ दिवसांचा आहे. आठवड्यात केलेली तपासणी फसवी. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असल्यास तपासणीच्या किमान २ दिवस आधी ते थांबवावे, नाहीतर आकडे चुकतात. टीएसएच ठीक असताना वजनासाठी मात्रा वाढवून मागणे धोक्याचे: छातीत धडधड, हृदयाची अनियमित लय आणि हाडे ठिसूळ होणे हे त्याचे परिणाम, उतरते त्यात स्नायूही असतात.

आहारात सगळ्यात मोठी बचत तेलात आहे. ५ मिलीचा एक चमचा म्हणजे सुमारे ४५ कॅलरी. माणशी रोज ४ चमचे धरले, तर चौघांच्या घरात महिन्याला २.४ लिटर तेल लागते. महिन्याची पिशवी याहून किती मोठी आहे ते बघावे. सावजी रस्सा खायचा तर वरची तर्री काढून, पोह्यावर तर्रीऐवजी उकडलेले चणे. संत्रा बर्फी फळात मोजायची नाही. संत्रे मात्र सालीखालच्या रेषांसकट खावे. साबुदाण्याची उसळ उपासाची असली तरी जवळपास निव्वळ पिष्ट, तिच्याबरोबर दही हवे. ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी आणि जवसाच्या चटणीने पोट भरलेले राहते, शिवाय मंद थायरॉइडमधला बद्धकोष्ठही हलतो. रोज ५०० कॅलरींची तूट धरली, तर सुरुवातीला आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरते.

आठवड्याला १५० मिनिटे भराभर चालणे पुरते. उन्हाळ्यात फुटाळा किंवा अंबाझरी तलावाच्या काठाने सकाळी सातच्या आत आटोपावे. सोबत आठवड्यातून दोनदा वजने किंवा उठाबशा, कारण या आजारात मांड्या-खांद्यांचे स्नायू दुबळे होतात. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी उपाशीपोटी करावे. कंबरेचा घेर बायकांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या आत हवा.

ग्रंथी अतिसक्रिय असणाऱ्यांचे गणित उलटे. औषधाने किंवा किरणोत्सारी आयोडीनने आजार आवरला की शरीराचा खर्च घटतो, भूक मात्र जुनीच राहते. त्यांनी पहिल्या महिन्यापासून ताट मोजावे. गरोदरपणी वजन उतरवण्याचा प्रयत्न करू नये; तेव्हा गोळीची मात्रा बहुधा वाढवावी लागते. टीएसएच ठीक असून ३ महिने ताट सांभाळूनही काटा हलत नसेल, तर पीसीओएस (बायकांतील अंडाशयाचा संप्रेरक-विकार), घोरण्यासह येणारा झोपेतील श्वासरोध, स्टेरॉइड किंवा इन्सुलिनसारखी औषधे यांची चौकशी करतात.