इनोसिन आणि अमिनो आम्लं: मागची गोष्ट

वेफर्सचं पाकीट उलटं केलं की 627, 631 दिसतात आणि 631 म्हणजे डुकराची चरबी असा फॉरवर्ड आमच्या दादरच्या सोसायटी ग्रुपवर हमखास येतो. 631 हा इनोसिनेटचा, म्हणजे चव वाढवणाऱ्या एका पदार्थाचा नंबर आहे, चरबीचा नाही. मासळी-मांसातूनही मिळतं, बॅक्टेरियाकडूनही करून घेता येतं, नुसत्या नंबरावरून ते कळत नाही.

1913 ला जपानमध्ये सुकवलेल्या बोनिटो माशाच्या चवीमागे इनोसिनेट सापडलं, तेही हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या क्षाराच्या रूपात, म्हणजे अमिनो आम्ल पहिल्या दिवसापासून सोबत. खरी मजा 60 च्या दशकात, म्युटंट (जीन बिघडलेले बॅक्टेरिया) आले तेव्हा. बॅसिलस सबटिलिस या बॅक्टेरियाचा, ॲडेनीन (डीएनएचा एक घटक) न बनवू शकणारा म्युटंट घ्यायचा आणि ॲडेनीन हात आखडून द्यायचं, मग पेशीतला ब्रेक सुटतो आणि इनोसिन, म्हणजे फॉस्फेट नसलेलं इनोसिनेट, साचतं. थेट न्यूक्लिओटाइड (फॉस्फेटवालं, इथे इनोसिनेट) का नाही, तर फॉस्फेटच्या चार्जमुळे ते पेशीबाहेर सहज पडत नाही, म्हणून न्यूक्लिओसाइड (बिनफॉस्फेटचं, इथे इनोसिन) काढून फॉस्फेट नंतर लावतात. असले म्युटंट आम्ही एमएस्सीला मखमलीच्या तुकड्याने प्लेटचा छाप उचलून शोधायचो, ॲडेनीन नसलेल्या प्लेटवर जी कॉलनी उगवत नाही ती आपली.

आता घोळ. "अमिनो आम्लाचा परिणाम" हे शब्द वापरून लोक तीन वेगळ्या गोष्टी बोलतात. एक, ग्लायसिन, ग्लुटामिन, ॲस्पार्टेट ही अमिनो आम्लं म्हणजे प्युरीनच्या (ॲडेनीन, इनोसिन यांच्या सांगाड्याच्या) रिंगचा कच्चा माल. दोन, बरेच म्युटंट हिस्टिडिन किंवा दुसऱ्या एखाद्या अमिनो आम्लासाठी पण लंगडे असतात, ते दिलं नाही तर वाढणारच नाहीत, म्हणजे हा नुसता खुराक झाला. तीन, कंट्रोल. हिस्टिडिन बाहेरून मिळालं की पेशी ते बनवणं थांबवते आणि त्यात जाणारं पीआरपीपी (फॉस्फेट लावलेली साखर) वाचतं, जे प्युरीनलाही लागतंच. शिवाय हिस्टिडिन बनताना जो तुकडा उरतो तो परत इनोसिनेटकडे वळतो, त्यामुळे एकूण फायदा किती हे म्युटंटगणिक बदलतं. माझ्या मते जुन्या पेपरांतली निम्मी भांडणं या तिन्हीची खिचडी केल्याने झालीत.

पुढे कळलं की अमिनो आम्लांची उपासमार झाली की या बॅक्टेरियात अलार्म वाजतो आणि जीटीपी (ग्वानोसिनचं तीन फॉस्फेटवालं रूप) घसरतं, ग्वानोसिन (627 चा कच्चा माल) बनवणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं. 1997 ला सबटिलिसचा जीनोम आला, मग नेमके जीन उडवणं सोपं झालं, रेडिएशन देऊन नशीब आजमावायची गरज कमी झाली.

जुना पेपर हातात आला की मी आधी मिडियमच्या (बॅक्टेरियाच्या खाद्याच्या) टेबलात केसिन हायड्रोलायझेट (दुधातलं प्रथिन तोडून केलेलं मिश्रण) आहे का बघतो. असेल तर वाढलेलं इनोसिन कुठल्या एका अमिनो आम्लाच्या नावावर टाकता येत नाही, त्यात ती बहुतेक सगळीच असतात.