कोहळ्याचं पान, ४५ अंश आणि शेडनेट

मे महिना लागला की अकोला, ब्रह्मपुरी, चंद्रपूरचे तापमानाचे आकडे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतात आणि त्याच आठवड्यात दुकानांतून हिरव्या शेडनेटचे गठ्ठे उचलले जातात. कुणी ते अंगणात गाडीवर ताणतं, कुणी गच्चीवर, आणि ज्यांच्या परसात वेल आहे ते कोहळ्यावर. (लाल भोपळ्याला आम्ही विदर्भात कोहळंच म्हणतो.) नेट बांधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, आता खालची हवा थंड होणार. तशी ती फारशी होत नाही. बाजू उघड्या असतील तर वारा बाहेरचीच गरम हवा आत आणत राहतो.

मुळात बातमीतला ४५ हा आकडाच सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक फटींच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, ऊन लागणार नाही असा ठेवलेला असतो. वेलाला ती पेटी नाही. म्हणून नेट नेमकं काय करतं हे समजून घ्यायचं, तर हवेकडे पाहण्याऐवजी पानाकडे पाहावं लागेल. आणि कोहळ्याचं पान ही फार विलक्षण वस्तू आहे.

उन्हाळ्यातल्या भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सेकंदाला सुमारे १००० ज्यूल ऊर्जा पडते. पान त्यातली साधारण निम्मी शोषतं. म्हणजे ५०० ज्यूल, तासाभरात १८ लाख. प्रकाशसंश्लेषणात त्यातला अगदी थोडा भाग खर्च होतो, बाकी सगळी उष्णताच. ती घालवण्याचा पानाचा मुख्य मार्ग माठाचाच आहे: पाण्याची वाफ करणं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. सगळा भार वाफेवरच टाकला, तर दर चौरस मीटर उन्हातल्या पानामागे तासाला पाऊण लिटर पाणी मुळांनी वर पाठवायला हवं. आता वर ५० टक्क्यांचं नेट ताणा. हीच गरज साधारण पावणेचारशे मिलिलिटरवर येते. हवा तेवढीच तापलेली आहे, पण पानाचं देणं निम्मं झालं.

दुसरा मार्ग वाऱ्याचा. इथे कोहळ्याची खरी अडचण आहे. प्रत्येक पानाला हवेचा एक पातळ, जवळजवळ स्तब्ध थर चिकटलेला असतो आणि उष्णतेला तो ओलांडूनच बाहेर पडावं लागतं. पान जितकं रुंद, तितका हा थर जाड. पण सरळ प्रमाणात नाही, लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. ताशी साडेतीन किलोमीटरची झुळूक असेल, तर पाव मीटरच्या कोहळ्याच्या पानावर तो सुमारे २ मिलिमीटर भरतो. बाभळीच्या ४ मिलिमीटरच्या पर्णिकेवर जेमतेम पाव मिलिमीटर. आठपट फरक! बाभूळ मे महिन्यात उघड्या माळावर निवांत उभी असते त्यात या चिमुकल्या पर्णिकांचाही वाटा आहे. कोहळ्याचं ताटाएवढं पान वाऱ्याच्या भरवशावर राहू शकत नाही, त्याला पाणीच हवं.

आणि पाणी नेमकं दुपारी अडतं. ४५ अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा दुपटीहून जास्त बाष्प सामावून घेऊ शकते, त्यामुळे ती पानातून ओलावा अक्षरशः ओढते. जमिनीत ओल असूनही मुळं तेवढ्या वेगाने पुरवठा करू शकत नाहीत. मग पान आपली पर्णरंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण थंडावा बंद. टाकी कोरडी पडलेल्या कूलरसारखी गत होते आणि पान भोवतीच्या हवेपेक्षाही जास्त तापू लागतं. कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को नावाचं विकर स्वतः बऱ्यापैकी चिवट असतं, मात्र त्याला जागं ठेवणारं दुसरं प्रथिन उष्णतेने लवकर ढिलं पडतं. प्रकाश भरपूर असतो, पण तो वापरणारं यंत्र थांबलेलं. हा न वापरलेला प्रकाशच मग पेशींना इजा करतो. भर उन्हातला निम्म्याच्या आसपासचा प्रकाश कोहळ्याच्या वरच्या पानांना पुरतो, त्यामुळे ३५ ते ५० टक्क्यांच्या नेटने वेल उपाशी राहत नाही. ७५ किंवा ९० टक्क्यांच्या नेटखाली मात्र राहील.

दुपारी वेलाने माना टाकल्या की लोक घाबरून पाणी ओततात. संध्याकाळी वेल आपोआप सावरत असेल, तर काळजी नको. लोंबलेलं पान ऊनही कमी झेलतं. पहाटेही मान खालीच असेल, तर मुळाशी काहीतरी बिघडलं आहे.

नेटच्या हिरव्या रंगाबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. ‘झाडांसाठी हिरवं’ हा समज केवळ दिसण्यावरून आला आहे. पानाला सर्वांत उपयोगी असलेला तांबडा आणि निळा प्रकाशच हिरवं नेट जास्त अडवतं. पांढरं नेट मिळालं तर तेच घ्या. काळं नेट स्वतः तापतं, म्हणून ते वेलाच्या चार-पाच फूट वर बांधा. पश्चिमेकडून नेट खाली उतरवा, पूर्व मोकळी ठेवा.

पूर्व मोकळी ठेवायची ती मधमाश्यांसाठी. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं; तेवढ्या वेळात सातेरी किंवा फुलोरी माशी नरफुलातला पराग मादीफुलात पोचवते. आधीच तीव्र उष्णतेत मादीफुलं कमी लागतात आणि परागही दुबळा होतो. त्यात वेल चहूबाजूंनी नेटमध्ये कोंडला, तर फुलाखालचा सुपारीएवढा कोहळा पिवळा पडून गळतो. मग घरात शोध सुरू होतो, कोवळ्या फळाकडे बोट कुणी दाखवलं? लहानपणी या आरोपाची बोलणी मी पुष्कळ खाल्ली आहेत. कुणाच्याही बोटाने फळ सडत नाही. सकाळी सहा-सातला नरफूल तोडा, त्याच्या पाकळ्या काढा, आतला दांडा मादीफुलाच्या मध्यावर हलकेच घासा आणि मग त्या फळाकडे हवं तेवढं बोट दाखवा.

पाऊस स्थिरावला की नेट गुंडाळून ठेवायचं. ढगांखाली प्रकाश आधीच कमी, त्यात दमट सावली मिळाली की पानांवर भुरी येते.