एचडीआर व्हिडिओ संगणकावर फिकट का पडतो?

अंधारी खोली, टेबलावर एक पेटलेली मेणबत्ती आणि तिच्या उजेडात ठेवलेला कोरा कागद. असं एखादं एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे गडद अंधारापासून झगझगीत उजेडापर्यंतचा मोठा पल्ला दाखवणारं) दृश्य संगणकावर लावावं आणि अंधार राखाडी, कागद मळका, ज्योत मलूल दिसावी, हा अनुभव अनेकांना येतो. मला आला तेव्हा फाइल खराब आहे असं समजून मी ती पुन्हा डाउनलोड केली. दुसरी प्रतही तशीच राखाडी. फाइलमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. तिच्यातले आकडे भलत्याच कोष्टकाने वाचले जात होते.

व्हिडिओ म्हणजे शेवटी आकडेच. प्रत्येक पिक्सेलसाठी एक आकडा असतो आणि त्या आकड्याला किती उजेड पाडायचा हे एका ठरलेल्या वक्ररेषेवरून कळतं. जुन्या, म्हणजे एसडीआर व्हिडिओची वक्ररेषा काचेच्या पिक्चर ट्यूबच्या काळातली. तिथे आकडा सापेक्ष असतो: सर्वांत मोठा आकडा म्हणजे ‘तुझ्या पडद्याला जमेल तेवढं पांढरं’. मग तो पडदा १०० निटांचा असो की ३०० निटांचा. (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक, एका चौरस मीटरमधून साधारण एका मेणबत्तीएवढी प्रकाशतीव्रता मिळाली की एक निट.)

एचडीआरने हा करारच बदलला. डॉल्बीच्या अभियंत्यांनी तयार केलेली आणि एसएमपीटीई या चित्रपट-टीव्ही अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ साली प्रमाणित केलेली पीक्यू ही वक्ररेषा थेट निटांत बोलते, शून्यापासून १०,००० निटांपर्यंत. अंधारातले बारीक फरक आपल्या डोळ्यांना चटकन कळतात, भगभगीत उजेडातले तितके कळत नाहीत. म्हणून पीक्यूने बहुतेक आकडे अंधाराकडे राखून ठेवले. सिग्नल १५ टक्क्यांवर असेल तर उजेड एक निट, ५१ टक्क्यांवर १०० निट आणि ७५ टक्क्यांवर १,००० निट. अर्धी पट्टी पहिल्या शंभर निटांतच संपते! मला ही रचना फार देखणी वाटते. डोळ्यांचा स्वभाव तिने गणितात उतरवला आहे.

आता आपली मेणबत्ती घेऊ. समजा सावलीतला कोपरा १ निटाचा, कागद २०३ निटांचा आणि ज्योत १,००० निटांची आहे. प्लेअरला पीक्यूचा पत्ताच नाही. त्याने हे आकडे जुन्या वक्ररेषेने वाचले आणि ३०० निटांच्या साध्या मॉनिटरवर दाखवले. हिशेब केला तर कोपरा सुमारे ३ निटांचा होतो, कागद ८१ निटांचा आणि ज्योत जेमतेम १५० निटांची. अंधार तिप्पट उजळला, कागद निम्म्याहून खाली आला, ज्योतीचा तर सातवा हिस्सा उरला. राखाडीपणा म्हणतात तो हाच. रंगांचंही तसंच होतं. एचडीआरमधले आकडे बीटी.२०२० या ऐसपैस रंगपट्ट्यासाठी लिहिलेले असतात. ते जुन्या, लहान पट्ट्याचे समजून वाचले की लाल-केशरी रंग धुऊन निघाल्यासारखे दिसतात.

यावर उपाय दोन, आणि कुठला लागू पडेल ते मॉनिटरवर ठरतं.

मॉनिटर खरोखर एचडीआर असेल तर आकडे मूळ अर्थासह त्याच्यापर्यंत पोचवायचे. विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगमधला एचडीआरचा स्विच चालू करावा लागतो. विंडोज, आल्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबूनही तो चालू-बंद होतो. स्विच चालू केल्यावर व्हिडिओ सुधारतो, पण नेहमीच्या खिडक्या आणि अक्षरं विचित्र मंद किंवा भगभगीत दिसू लागतात, आणि बरेच जण तिथेच वैतागून तो बंद करतात. त्याआधी एसडीआर मजकुराचा उजेड ठरवणारी सरकपट्टी त्याच सेटिंगमध्ये आहे, ती हलवून पाहा. मॅकवर ही खटपट बहुतांशी यंत्रणाच करते. लिनक्सवाल्यांना मात्र बरीच वर्षं वाट पाहावी लागली. लिनक्सच्या दोन मोठ्या डेस्कटॉपांपैकी केडीई प्लाझ्मामध्ये ही सोय २०२४ साली आली, ग्नोममध्ये २०२५ साली.

मॉनिटर साधा असेल तर टोन मॅपिंग लागतं, म्हणजे हजारो निटांचं दृश्य पडद्याच्या दोन-तीनशे निटांत बसवणं. खरं कसब इथे आहे. पडद्याच्या वरचं सगळं सरळ छाटलं तर ज्योतीचा नुसता पांढरा ठिपका होतो, तिच्यातला पिवळा आणि निळसर भाग जातो. सगळं सरसकट दाबलं तर ज्योत वाचते, पण खोली काळोखात बुडते. चांगली पद्धत सावल्या आणि मधले उजेड जवळजवळ आहेत तसे ठेवते आणि फक्त वरचं टोक हळूहळू वाकवते. किती वाकवायचं हे कळण्यासाठी फाइलमध्ये कमाल उजेडाची नोंद असते, पण ती बहुधा अख्ख्या चित्रपटासाठी एकच, आणि कधीकधी नसतेच. चित्रपटात कुठेतरी ४,००० निटांचा स्फोट असेल तर त्या नोंदीवर विसंबणारा प्लेअर मेणबत्तीचं दृश्यही त्याच्याच हिशेबाने दाबतो. एमपीव्हीसारखा प्लेअर प्रत्येक चौकटीतला उजेड स्वतः मोजू शकतो, म्हणून त्याचं चित्र मला अधिक जिवंत वाटतं.

‘डिस्प्ले एचडीआर ४००’ असं लेबल मिरवणाऱ्या मॉनिटरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एचडीआर मॉनिटरच्या प्रमाणपत्राची ही सर्वांत खालची पायरी २०१७ साली ठरली तेव्हा पडद्यामागचा उजेड भागाभागांत मंद करण्याची अट तिच्यात नव्हती. ती सोय नसली की ज्योत उजळताना भोवतालचा अंधारही उजळतो. अशा पडद्यावर एचडीआर बंद ठेवून चांगलं टोन मॅपिंग वापरणं मला जास्त पटतं.

चित्र फिकट नसून हिरवं-जांभळं दिसत असेल तर दुखणं वेगळं. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच एका प्रकाराच्या पाचव्या प्रोफाइलमध्ये (उपप्रकारात) रंगांची मांडणीच निराळी असते आणि ती न समजणारा प्लेअर असे रंग दाखवतो. तिथे प्लेअर बदलायला हवा. चित्र अडखळत असेल तर दहा बिटांचा (प्रत्येक रंगाच्या १,०२४ पायऱ्या असलेला) व्हिडिओ उलगडण्याची सोय ग्राफिक्स चिपमध्ये आहे का ते पाहावं. आणि एचडीएमआय २.० जोडणीची सेकंदाला १८ गिगाबिटांची वाट ४के, सेकंदाला ६० चौकटी आणि पूर्ण दहा बिटांच्या रंगाला अपुरी पडते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचे असल्यामुळे मॉनिटर किंवा टीव्हीला चालत असेल तर २४ हर्ट्झ निवडून तेच चित्र त्याच केबलमधून आरामात जातं.

सगळं जुळून आलं तरी दिवसाउजेडी दृश्यातला अंधारा कोपरा दिसत नाही, अशी तक्रार उरते. पीक्यूने त्या कोपऱ्याला एक निट ठरवून दिला आहे आणि प्लेअर तो इमानाने पाळतो. पण खिडकीतला उजेड काचेवरून परत येतो तो त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा पडदे ओढा, दिवा मालवा आणि डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थोडं थांबा. मग कोपऱ्यातली खुर्ची दिसू लागते.