वाचलेल्या बाळांचा आजार

२८व्या आठवड्यात जन्मलेले बाळ दोन आठवड्यांचे झालेले असते. श्वासाचे यंत्र निघालेले असते, नळीने दिलेले दूध पचू लागलेले असते, वजनाचा काटा रोज थोडा पुढे सरकत असतो. आईबापांनी नुकताच सुटकेचा श्वास टाकलेला असतो. आणि एका रात्री नर्सच्या लक्षात येते की पोट संध्याकाळपेक्षा ताणलेले दिसते आहे. नळीतून मागे ओढून पाहावे तर दूध हिरवट. लंगोटात रक्ताची बारीक रेघ. तासाभरात एक्स-रे येतो आणि त्यात आतड्याच्या भिंतीत साबणाच्या फेसासारखे बुडबुडे दिसतात. जंतू भिंतीत शिरून तिथे वायू तयार करू लागलेले असतात.

या आजाराचे नाव नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस, थोडक्यात एनईसी. आतडे सुजते, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, तुकडा काळा पडून मरतो आणि कधी कधी फुटतो. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांपैकी साधारण ५ ते १० टक्के बाळांना तो गाठतो आणि त्यातली २० ते ३० टक्के दगावतात. पोटातल्या गर्भाला मात्र तो होत नाही. गर्भही गर्भजल गिळतच असतो, पण त्याच्या आतड्यात जंतूंची वसाहत नसते. ती जन्मानंतर बसते. त्यामुळे या आजाराचा इतिहास सांगायचा तर कमी दिवसांच्या बाळांच्या खोलीत जंतूंशी झालेल्या लढाईचाच इतिहास सांगावा लागतो. मला त्यातली सर्वांत बोचणारी गोष्ट ही वाटते की त्या लढाईत आईचे दूध बराच काळ बाजूला पडले.

सुरुवात तशी झाली नव्हती. १८८० साली पॅरिसच्या प्रसूतिगृहात स्तेफान तार्निए यांनी कोंबडीची अंडी उबवण्याच्या यंत्रावरून सुचलेली उबदार पेटी बाळांसाठी वापरायला घेतली. त्यांचे शिष्य पिएर ब्यूदँ यांनी ऊब, दूध आणि संसर्गापासून बचाव या तिन्हींना सारखे वजन दिले. आजारी बाळे वेगळी ठेवा, आईला बाळाजवळ येऊ द्या, तिचे दूध आटू देऊ नका, असा त्यांचा आग्रह होता.

पुढच्या काही दशकांत हे सूत्र सुटले. संसर्गाच्या धास्तीने बाळांच्या खोलीचे दार बंद झाले आणि आईबाप काचेपलीकडे गेले. त्यावेळी त्या खोल्यांत एका बाळाचा जुलाब दहा बाळांना लागत असे, त्यामुळे ही धास्ती निराधार नव्हती. पण दाराबरोबर दूधही बंद झाले आणि वरच्या दुधाची बाटली आली.

प्रतिजैविके हाती आली तेव्हा ती कमी दिवसांच्या बाळांना आजार नसतानाही, खबरदारी म्हणून दिली जाऊ लागली. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी अशाच दोन उपचारांची तुलना केली आणि १९५६ साली निष्कर्ष छापले. पेनिसिलिनबरोबर सल्फा औषध मिळालेल्या गटात जास्त बाळे दगावली होती. सल्फामुळे रक्तातले बिलिरुबिन, म्हणजे काविळीतले पिवळे द्रव्य, मोकळे होऊन मेंदूत उतरत होते. तुलना केली नसती तर ते औषध आणखी किती वर्षे चालले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. १९५९ साली क्लोरॅम्फेनिकॉलचे तसेच उघड झाले. नवजात यकृताला ते झेपत नव्हते आणि बाळे राखाडी पडून जात होती. त्वचेवरचे जंतू मारायला हेक्साक्लोरोफीनने अंघोळ घालण्याची पद्धतही पुढे मेंदूला इजा होते असे दिसल्यावर सोडावी लागली.

एनईसीचे नाव याच काळात पुढे येते. १९५३ साली श्मिड आणि क्वायझर यांनी जर्मन भाषेत त्याचे वर्णन केले. १९६५ साली बेबीज हॉस्पिटलमधूनच कमी दिवसांच्या बाळांवरचा सविस्तर लेख आला आणि लेखकांत सिल्व्हरमन यांचेही नाव होते. त्याआधी ही बाळे फुप्फुसांच्या अपुरेपणामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांतच जात. आतड्यांवर पाळी येईपर्यंत ती जगतच नसत. १९७०च्या दशकात श्वासाचे उपाय सुधारले, लहानात लहान बाळे तगू लागली आणि एनईसीचे रुग्ण वाढले.

त्याच रुग्णालयातल्या सांतुली, बार्लो आदींनी कारणांची तिहेरी मांडणी केली: आतड्याच्या अस्तराला इजा, जंतू आणि आतड्यात पडलेले अन्न. त्यांच्या गटाने १९७४ साली नवजात उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. प्राणवायू कमी मिळालेली, कृत्रिम दुधावरची पिल्ले आजारी पडली, आईच्या दुधावरची वाचली. उत्तर तिथेच समोर होते. पण बहुतेक विभागांनी त्या तिहेरी मांडणीतले ‘अन्न’ तेवढे उचलले आणि बाळांना एकेक, दोन-दोन आठवडे तोंडाने काहीच द्यायचे नाही असे ठरवले. १९६८पासून शिरेतून पूर्ण पोषण देता येत होते, त्यामुळे ते जमलेही. मात्र शिरेतली नळी जितके दिवस राहील तितका रक्तात जंतू शिरण्याचा धोका वाढतो आणि रिकामे आतडे झिजते.

माणसांतला ठोस पुरावा १९९० साली आला. ॲलन ल्युकस आणि टिम कोल यांनी ९२६ कमी दिवसांच्या बाळांची पाहणी केली. केवळ वरच्या दुधावरच्या बाळांत एनईसी केवळ आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा ६ ते १० पट जास्त होता. दुर्दैवाने एचआयव्हीच्या भीतीने दान केलेले आईचे दूध पुरवणाऱ्या अनेक दूधपेढ्या नुकत्याच बंद पडल्या होत्या. १९०९ साली व्हिएन्नात पहिली पेढी सुरू करून जगाने कमावलेली वाट पुन्हा पहिल्यापासून काढावी लागली.

त्यानंतरचे प्रयत्न जंतूंशी जुळवून घेण्याचे आहेत. चांगले जंतू तोंडाने देण्याच्या चाचण्यांत एकमत नाही: ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २०१३च्या चाचणीत एनईसी ४.४ वरून २ टक्क्यांवर आला, तर इंग्लंडमधल्या १,३१० बाळांच्या २०१६च्या चाचणीत काहीच फरक पडला नाही. २०२३ साली अशाच जंतूंमुळे रक्तसंसर्ग होऊन एक बाळ दगावल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला. ब्रिटनमध्ये २,२०३ बाळांना गाईच्या दुधातले लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन देऊन पाहिले, पण २०१९ साली कळले की संसर्ग कमी होत नाही. दूध भरभर वाढवले तर एनईसी होतो ही जुनी भीती मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीने बरीच घालवली. नळीचे दूध रोज किलोमागे ३० मिलिलिटरने वाढवले काय आणि १८ने काय, एनईसी सारखाच राहिला.

आजार झाल्यावरचा उपचार मात्र फारसा बदललेला नाही. दूध थांबवायचे, प्रतिजैविके द्यायची, पोटावर नजर ठेवायची आणि आतडे फुटले तर शस्त्रक्रिया. बराच भाग कापावा लागला तर उरलेल्या तोकड्या आतड्यावर मूल महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे शिरेतल्या पोषणावर वाढते. म्हणून आता अनेक विभागांत जन्मानंतरच्या पहिल्या तासांतच नर्स आईजवळ जाते, हाताने पिळून चिकाचे दोन थेंब सुईविना सिरिंजमध्ये घेते आणि अजून गिळताही न येणाऱ्या बाळाच्या गालाला आतून लावते.