सॉर्बिट्रेट गुठळी विरघळवत नाही

छातीत कळ आली की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवा, रक्ताची गुठळी विरघळते, असा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. यातलं ‘जिभेखाली’ तेवढं खरं.

ही गोळी म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. शरीरात तिच्यापासून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. हा वायू रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशींत शिरून ग्वानिलेट सायक्लेज हे विकर जागं करतो. त्यामुळे सायक्लिक जीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, पेशीतलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि स्नायू सैलावतो. शिरा फुलतात, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, हृदयाचं ओझं उतरतं. अंजायनाची, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्यामुळे येणारी, कळ थांबते ती अशी. गुठळी मात्र जागच्या जागी! आपल्या रक्तवाहिन्यांचं अस्तरही हाच वायू आर्जिनिन या अमिनो आम्लापासून सतत बनवत असतं. त्याचं संदेशवहनाचं काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. (गंमत म्हणजे खुद्द आल्फ्रेड नोबेलना डॉक्टरांनी याच जातीचं औषध, त्यांच्या डायनामाइटमधलं नायट्रोग्लिसरीनच, लिहून दिलं होतं.)

रक्तदाब आधीच उतरलेला असेल, किंवा सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलेलं असेल, तर हीच गोळी माणसाला आडवं करू शकते; सिल्डेनाफिल सायक्लिक जीएमपी मोडूच देत नाही. स्वतःच्या नावावर डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल तरच घ्या. शेजाऱ्याची नको. आणि कळ थांबेना, तर वाट न बघता १०८ ला फोन.